मुरलेली टकिला चाखायची कशी?

टकिला म्हटलं की आपल्याकडे अजूनही मीठ, लिंबाची फोड आणि एका दमात रिकामा केलेला छोटा ग्लास आठवतो. त्या सवयीनं पिणाऱ्याला दुकानातल्या वरच्या फळीवरची पाच आकडी किमतीची बाटली कोड्यात टाकते. गडद सोनेरी रंग, जाड काच, लाकडी बूच आणि लेबलवर 'अन्येहो' किंवा 'एक्स्ट्रा अन्येहो'. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, जुनी आहे म्हणून महाग. हे खरं आहे, पण एवढ्यावर पैसे टाकू नयेत. पिंपात घालवलेला काळ टकिलाला खोली देतो आणि तोच काळ जास्त झाला की तिचा मूळ स्वाद बुजवूनही टाकतो. म्हणून मुरलेली टकिला चाखताना एकच प्रश्न धरून बसायचा: लाकडाच्या पलीकडे जिभेला अजून अगावे, म्हणजे टकिला जिच्यापासून बनते ती वनस्पती, लागतंय का?

हा प्रश्न विचारायचा तर अगावेची चव कुठून येते आणि लाकडाची कुठून, हे आधी कळायला हवं.

पिंपाच्या आधीची सात वर्षं

अगावे ही आपल्या घायपाताच्या कुळातली वनस्पती. तिच्या कितीतरी जाती आहेत, पण टकिलासाठी कायद्यानं एकच चालते: निळसर पात्यांचं अगावे टकिलाना, म्हणजेच निळं अगावे. तेही वाटेल तिथलं चालत नाही. मेक्सिकोनं १९७४ साली टकिला या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. आज हालिस्को हे संपूर्ण राज्य आणि ग्वानाहुआतो, मिचोआकान, नायारित व तामौलिपास या चार राज्यांचे काही भाग एवढ्याच टापूत ती बनते. त्यातही खरं घर हालिस्कोच. टकिला नावाचं गावही तिथंच आहे आणि त्याच्या भोवतालची अगावेची शेतं आणि जुने कारखाने २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

द्राक्षाचा वेल दर वर्षी फळतो, बार्लीचं पीक काही महिन्यांत हाती येतं. अगावे मात्र साधारण सहा ते आठ वर्षं जमिनीत उभं राहतं आणि एकदाच कापलं जातं. फुलाचा दांडा वर येऊ लागला की झाड साठवलेली सगळी साखर त्यात ओततं, म्हणून शेतकरी तो दांडा आधीच छाटून टाकतात. मग साखर बुंध्यात साठत राहते. कापणी करणाऱ्या कामगाराला हिमादोर म्हणतात. लांब दांड्याच्या टोकाला गोल धारदार पातं असलेल्या कोआ नावाच्या अवजारानं तो पाती सपासप उतरवतो आणि अननसासारखा दिसणारा गड्डा उरतो. त्यालाच पिन्या म्हणतात. पिन्याचं वजन तीस-चाळीस किलो सहज भरतं, काही त्याहून खूप मोठे असतात. एक लिटर शुद्ध अगावे टकिलाला ढोबळमानानं सात किलो पिन्या लागतो. टकिलाची किंमत ठरवताना पिंपातल्या वर्षांइतकीच ही शेतातली वर्षंही मोजायला हवीत, आणि ती तर ब्लांको म्हणजे न मुरवलेल्या टकिलातही असतात.

पिन्यातली साखर फ्रुक्टोजच्या लांब साखळ्यांच्या रूपात असते, आणि त्या साखळ्या यीस्टला पचत नाहीत. म्हणून आधी पिन्या शिजवायचा. इथंच चवीचा पहिला मोठा फाटा फुटतो.

जुनी पद्धत दगड-विटांच्या भट्टीची. पिन्यांचे तुकडे रचून वाफेवर दीड-दोन दिवस, काही ठिकाणी त्याहून जास्त वेळ शिजवतात. साखळ्या हळूहळू तुटतात, काही साखर करपून कॅरामेल होते, गर तपकिरी आणि चिकट होतो. तो खाल्ला तर भाजलेलं रताळं आणि काकवी एकत्र लागल्याचा भास होतो. दुसरी पद्धत ऑटोक्लेव्हची. हा मोठा प्रेशर कुकरच, आठ-दहा-बारा तासांत काम उरकतो. नीट वापरला तर त्यातूनही उत्तम टकिला निघते. तिसरी पद्धत डिफ्यूझरची. त्यात कच्च्या अगावेचा चुरा करून पाण्याच्या फवाऱ्यांनी साखर धुऊन काढतात आणि शिजवण्याचं काम नंतर नुसत्या रसावर होतं. उतारा भरपूर मिळतो, खर्च वाचतो, पण भट्टीत गराला जो खमंगपणा येतो तो फारसा येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मुरवायच्या टकिलाला भट्टी हवी, निदान सावकाश चालवलेला ऑटोक्लेव्ह तरी. पाया सपक असेल तर पिंप त्यावर फक्त स्वतःचीच चव चढवतं.

शिजलेला गर पिळतात, बहुतेक ठिकाणी पोलादी रोलरांनी, आणि काही मोजक्या कारखान्यांत ताओना या दगडी चाकाखाली. मग आंबवणं, मग दोनदा ऊर्ध्वपातन. दुसऱ्या खेपेत सुरुवातीचा उग्र भाग आणि शेवटचा जड भाग बाजूला काढून मधला ठेवतात. हा 'मधला' नेमका कुठून कुठपर्यंत धरायचा, यात कारखान्याची खरी ओळख असते.

अगावे कुठल्या मातीत वाढलं यानंही फरक पडतो. टकिला गावाच्या खोऱ्यात काळसर ज्वालामुखीची माती आहे, तर आरांदासच्या बाजूच्या लोस आल्तोस या उंच पठारावर लोहयुक्त लाल माती. पठारावरची टकिला गोडसर आणि फुलांच्या वासाची, खोऱ्यातली मातकट आणि तिखट असं सर्रास सांगतात. सुरुवातीला कानाशी ठेवायला हे बरं आहे, नियम मात्र मानू नये, कारण शिजवण्याची आणि गाळण्याची पद्धत हा फरक सहज पुसून टाकते. मातीचा फरक खरंच अनुभवायचा असेल तर ओचो या टकिलाच्या बाटल्या पाहाव्यात. कार्लोस कामारेना आणि तोमास एस्तेस यांनी सुरू केलेल्या या टकिलाच्या लेबलवर ज्या शेतातलं अगावे वापरलं त्या शेताचं नाव आणि वर्ष छापलेलं असतं. शेत बदललं की चव बदलते, आणि ती बदलू देणं हेच त्यांचं धोरण आहे.

पिंपात काय घडतं

गाळून निघालेली टकिला पाण्यासारखी पारदर्शक असते. रंग सगळा नंतरचा. मुरवण्यासाठी ओकचंच लाकूड लागतं आणि बहुतेक पिंपं अमेरिकेहून वापरून आलेली असतात. कारण साधं आहे. अमेरिकी कायद्यानं बर्बन व्हिस्कीला आतून जाळलेलं नवंकोरं ओकचं पिंप लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं तिथं ढिगांनी विकायला निघतात. स्कॉटलंडही तीच घेतं आणि हालिस्कोही. काही कारखाने फ्रेंच ओक, कोन्याक या फ्रेंच ब्रँडीची किंवा वाइनची पिंपंही वापरतात. एल तेसोरोची 'पारादिसो' ही एक्स्ट्रा अन्येहो कोन्याकच्या पिंपांत मुरवलेली आहे. ती हुंगल्यावर जो सुक्या जर्दाळूसारखा वास येतो तो अगावेचा कमी आणि त्या पिंपांचा जास्त.

ओकच्या लाकडात लिग्निन असतं. आच लागली की ते फुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन निघतं, आपण आइस्क्रीममध्ये ओळखतो तोच व्हॅनिला. लाकडातल्या इतर साखरी करपून कॅरामेलचा वास देतात. ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या संयुगांमुळे ओल्या खोबऱ्याचा वास येतो आणि अमेरिकन ओकमध्ये तो जास्त जाणवतो. लवंगेत जे युजेनॉल असतं तेच थोड्या प्रमाणात ओकमध्येही सापडतं, म्हणून मुरलेल्या टकिलात लवंग लागली तर तो तुमच्या मनाचा खेळ नाही. फ्रेंच ओकमधून तुरटपणा आणि मसाल्याचा वास अधिक येतो. लाकडाच्या छिद्रांतून हवा आत येत राहते, तिखट कडा बोथट होतात आणि सोबत दारूही उडून जाते.

ही घट हवामानावर ठरते. स्कॉटलंडमध्ये पिंपातला साधारण दोन टक्के माल वर्षाकाठी हवेत जातो. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत हाच आकडा दहा टक्क्यांच्या आसपास सांगतात, आणि गोव्यात मुरणाऱ्या पॉल जॉन व्हिस्कीचीही गोष्ट वेगळी नाही. हालिस्कोचं ऊनही स्कॉटलंडपेक्षा कितीतरी कडक आहे. तिथं तीन वर्षांत लाकूड दारूत जेवढं उतरतं तेवढं उतरायला थंड प्रदेशात बराच जास्त काळ लागतो. त्यामुळे '१८ वर्षांची व्हिस्की आणि ३ वर्षांची टकिला' ही तुलनाच चुकीच्या मापानं होते. शिवाय बार्लीच्या दारूला स्वतःचा वास बेताचा असतो, तिला पिंपाची गरज मोठी. अगावे जन्मतःच वासाचं श्रीमंत आहे. १९९६ साली बेन आणि पेपर्ड या दोन संशोधकांनी टकिलाच्या वासाचं पृथक्करण केलं तेव्हा १७५ हून जास्त घटक सापडले. त्यांतले सर्वांत जोरकस पाच त्यांनी निवडले. गुलाबाच्या वासाचं फिनाइल इथेनॉल आणि व्हॅनिलिन हे त्यांतलेच. पण सापडलेले घटक एकत्र करून टकिलाचा वास पुन्हा उभा करायचा प्रयत्न काही साधला नाही. एवढं गुंतागुंतीचं काही मुळातच असताना पिंपानं ते झाकून टाकलं तर नुकसान मोठं आहे. ओकचं प्रमाण आमटीतल्या गुळाएवढं असावं: काढला तर उणीव भासावी, पण आमटी गोड लागू नये.

लेबलवरचे वर्ग

दोन महिने ओकमध्ये राहिली की रेपोसादो, एक वर्ष झालं की अन्येहो, तीन वर्षं झाली की एक्स्ट्रा अन्येहो. शेवटच्या दोन्हींसाठी पिंप जास्तीत जास्त ६०० लिटरचंच हवं. लहान पिंपात दारूचा लाकडाशी संपर्क जास्त येतो, म्हणून ही अट. रेपोसादोला ती नाही, त्यामुळे ती हजारो लिटरच्या लाकडी टाक्यांतही ठेवता येते. एक्स्ट्रा अन्येहो हा वर्ग कायद्यात २००६ मध्ये आला, पण त्या धर्तीची टकिला आधीपासून होती. होसे क्वेर्वोनं आपल्या परवान्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९९५ मध्ये, 'रेसेर्वा दे ला फामिलिया' बाहेर काढली.

हे आकडे किमान मर्यादेचे आहेत, त्यापलीकडे ते फारसं सांगत नाहीत. ओचोची रेपोसादो आठ आठवडे आणि आठ दिवस पिंपात असते, म्हणजे कायद्याची रेषा जेमतेम ओलांडते. हेरादुराची रेपोसादो ११ महिने असते, अन्येहोला महिनाभरच कमी. दोन्हींवर शब्द एकच, पण ग्लासात दोन वेगळी जनावरं. पहिलीत मिरी आणि लिंबाच्या सालीचा वास पुढं, दुसरीत व्हॅनिला आणि दालचिनी. म्हणून वर्गाचं नाव वाचून थांबू नका, किती महिने आणि कुठल्या पिंपात हे कंपनीच्या माहितीत शोधा.

त्याहून महत्त्वाची ओळ म्हणजे '१०० टक्के अगावे'. ती नसेल तर कायद्यानं ४९ टक्क्यांपर्यंत साखर उसाची किंवा इतर कुठली असू शकते. 'गोल्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त बाटल्या या प्रकारच्या असतात आणि त्यांचा रंग पिंपातून न येता कॅरामेलमधून येतो. चाखून शिकायचं असेल तर त्या बाजूलाच ठेवा.

लेबलवर 'नॉम' या अक्षरांपुढे चार आकडी क्रमांक असतो. तो कारखान्याचा नंबर. मेक्सिकोत टकिलाचे ब्रँड शेकड्यांनी आणि कारखाने त्या मानानं थोडे, त्यामुळे एकाच नंबरखाली कितीतरी नावं निघतात. १४९३ दिसला की ती फोर्तालेसा, टकिला गावातली, दगडी चाक आणि विटांच्या भट्टीची. १४४९ म्हणजे डॉन हूलिओ, १४९२ म्हणजे पात्रोन, १११९ म्हणजे हेरादुरा. एखादा नवा, एखाद्या सिनेनटाच्या नावाचा ब्रँड समोर आला की आधी हा नंबर पाहा आणि त्या कारखान्यातून आणखी काय निघतं ते शोधा. बाटलीच्या आकारापेक्षा ही माहिती पुष्कळ प्रामाणिक असते.

गोडवा कुठला?

मुरलेल्या टकिलाच्या बाबतीत सर्वांत जास्त वाद आहे तो मिसळीवरून. मेक्सिकोच्या नियमांनुसार कॅरामेल रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक या गोष्टी वजनाच्या १ टक्क्यापर्यंत घालता येतात आणि तेवढ्यासाठी लेबलवर काही लिहावं लागत नाही. '१०० टक्के अगावे' लिहिलेल्या बाटलीतही हे असू शकतं. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण वासाचे अर्क फार तीव्र असतात, थेंबभरही पुरतात. त्यामुळे वर्षभर मुरलेली टकिला पाच वर्षं मुरल्यासारखी भासवता येते.

यात बेकायदा काही नाही आणि दोन पिंपांतल्या रंगाचा फरक मिटवायला थोडा कॅरामेल घालणाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. पण पिणाऱ्याला ते कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. गेल्या काही वर्षांत मिसळमुक्त टकिलाची स्वतंत्र पडताळणी करणारे उपक्रम निघाले आणि त्यावरून टकिला नियामक परिषदेशी त्यांचे खटकेही उडाले. ग्राहकाच्या बाजूनं मात्र त्यामुळे एक चांगली गोष्ट झाली: लोक विचारू लागले.

जीभ स्वतः काय सांगते? खऱ्या पिंपातला व्हॅनिला लाकडाच्या तुरटपणासोबत येतो, एकटा येत नाही. ग्लास नाकाशी नेताच केकच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं, घोट पाकासारखा जाड लागला आणि गिळल्यावर ओठ चिकट राहिले, तर शंका घ्यायला हरकत नाही. मेक्सिकोत करतात तशी एक साधी चाचणीही करता येते. तळहातावर दोन थेंब घ्या, दोन्ही हात चोळा, अल्कोहोल उडू द्या आणि मग हुंगा. शिजलेल्या अगावेचा तो काकवीसारखा, किंचित मातकट वास राहिला तर छान. निव्वळ व्हॅनिला राहिला आणि हात चिकचिकले तर समजून घ्या. प्रयोगशाळेचा निकाल म्हणून हे धरू नये, पण नाकाला वळण लावायला फार उपयोगी.

क्रिस्तालिनो या प्रकाराबद्दलही इथंच सांगतो. अन्येहो किंवा एक्स्ट्रा अन्येहो सक्रिय कोळशातून गाळून तिचा रंग काढून टाकतात, उरते ती पारदर्शक, गुळगुळीत टकिला. गेल्या दशकभरात ती फार लोकप्रिय झाली. कोळसा रंगासोबत लाकडाचा तुरटपणाही नेतो आणि थोडं अगावेही. थंडगार प्यायला ती आवडणारे खूप आहेत. पण चव ओळखायला शिकत असाल तर तिच्यावर पैसे घालू नका, कारण तिथं शोधण्यासारखं जे होतं तेच गाळून टाकलेलं असतं.

तीन ग्लास शेजारी शेजारी

आता प्रत्यक्ष चाखणं. माझा आग्रह असा की नुसती अन्येहो घेऊन बसू नका. एकाच कारखान्याची ब्लांको, रेपोसादो आणि अन्येहो शेजारी शेजारी ठेवा. डॉन हूलिओ किंवा पात्रोन यांचे तिन्ही प्रकार आपल्या मोठ्या शहरांत मिळतात. चार मित्रांनी मिळून घेतल्या तर परवडतातही. ब्लांको चाखल्याशिवाय अन्येहोमध्ये पिंपानं काय घातलं आणि काय झाकलं हे कळणारच नाही. तो मूळ राग ऐकल्याशिवाय त्यावरचा विस्तार कसा समजणार?

ग्लास छोटा शॉटचा नको. वर निमुळता होत जाणारा वाइनचा ग्लास उत्तम. रीडेल या ऑस्ट्रियन काच कंपनीनं मेक्सिकोच्या नियामक परिषदेसोबत टकिलासाठी खास ग्लास बनवला आहे, तोही उंच आणि अरुंद वाइन ग्लाससारखाच दिसतो. प्रत्येकात वीस मिलिलिटर पुरे. बर्फ नको, लिंबू-मीठ नको. मुंबई-नागपूरच्या मे महिन्यात खोलीचं तापमान तिशीच्या वर असतं आणि तेव्हा अल्कोहोल सारखं नाकात भरतं. अशा दिवसांत बाटली दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग ओता. थंडगार मात्र करू नका, वास गोठतो. बसण्याआधी अत्तर, उदबत्ती, तळणीचा वास यांपासून दूर राहा. एवढं पथ्य पाळणं जमलं तर अर्धं काम झालं.

ओतल्यावर दहा मिनिटं थांबा. तोवर रंग पाहा. पांढऱ्या कागदासमोर ग्लास तिरका धरला की फिक्या गवती छटेपासून तांबूस तपकिरीपर्यंतचा फरक दिसतो. काचेवरून ओघळणाऱ्या रेषांवरून लोक बरंच काही सांगतात. मी त्यांना फारसं महत्त्व देत नाही, कारण ग्लिसरीन घातलं की त्या तशाही सुंदर ओघळतात.

आता ब्लांको उचला. नाक ग्लासात खुपसू नका. ओठ किंचित उघडे ठेवून ग्लासाच्या काठाशी हलकेच हुंगा, दोन क्षण थांबा, पुन्हा हुंगा. पहिल्यांदा अल्कोहोलच जाणवेल, ते जाऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी वास वेगवेगळे होऊ लागतात: लिंबाची साल, मिरी, पावसाआधीची माती, एखाद्या बाटलीत पुदिना किंवा उसाचं ताजं कापलेलं पेर, आणि या सगळ्यांखाली तो शिजलेला, रताळ्यासारखा गोडसर वास. तो नीट ओळखून ठेवा. पुढच्या दोन्ही ग्लासांत तुम्हाला त्याचाच माग काढायचा आहे.

पहिला घोट अगदी छोटा घ्या, जिभेला नुसतं कळवायला. त्यावरून काही ठरवू नका. दुसरा घोट तोंडभर फिरवा, गिळा आणि तोंड बंद ठेवून नाकानं श्वास सोडा. चवीचा मोठा भाग इथं, घशामागून नाकाकडे जाताना उलगडतो. घाईघाईत पिणाऱ्याला नेमका हाच भाग मिळत नाही. जळजळ कुठं झाली तेही पाहा. चांगल्या टकिलाचा उष्मा छातीत उतरतो, वाईट गाळलेलीचा घशात ओरखडा काढतो. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास ठळक असेल तर सुरुवातीचा भाग नीट वेगळा काढलेला नाही असं समजायला जागा आहे.

मग रेपोसादो. ओळखून ठेवलेलं ते रताळं, ती मिरी अजून आहे का? त्यांच्या भोवती थोडा व्हॅनिला, थोडी दालचिनी आली असेल. माझ्या मते बहुतेक कारखान्यांची सर्वांत चांगली कामगिरी इथं किंवा जेमतेम वर्षभराच्या अन्येहोत दिसते. अगावे आणि ओक दोघं बरोबरीनं बोलतात.

अन्येहोत करपवलेली साखर, ओलं खोबरं, भाजलेले बदाम, मनुका, लवंग, कधी तंबाखूच्या पानासारखा वास मिळतो. घोट मऊ होतो, शेवट लांबतो. गिळल्यावर चव किती वेळ टिकते आणि टिकताना बदलते का, हे मनात मोजा. उत्तम अन्येहोत शेवटी ओक मागं सरतं आणि ती अगावेची मिरीसारखी चुणचुण परत येते. ती परत येण्याची वाट पाहणं हाच या सगळ्या खटाटोपातला सर्वांत आनंदाचा भाग. ती आलीच नाही आणि उरला तो फक्त कोरडा, तुरट लाकडाचा घास, तर टकिला पिंपात जास्त राहिली.

एक्स्ट्रा अन्येहोची पहिली ओळख डोळ्यांवर रुमाल बांधून केली तर अनेकांना ती कोन्याक किंवा बर्बन वाटेल. काहींना हेच तिचं वैभव वाटतं. मला त्यात अगावे हरवल्याची रुखरुख लागते, पण अपवाद आहेत आणि ते अपवाद खरंच थोर आहेत. पाच वर्षांच्या लाकडाखालून शिजलेल्या अगावेचा वास वर आला की त्या कारखान्यानं पिंपं किती विचारपूर्वक निवडली असतील याची कल्पना येते.

तिसऱ्या ग्लासात पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून पुन्हा हुंगा, दबलेले वास मोकळे होतात. दोन घोटांमध्ये साधं पाणी आणि कोरडा पाव पुरे, चकली-शेवेची तिखट-मिठाची संगत चाखण्यापुरती दूर ठेवा. नंतर खायला मात्र कडू चॉकलेट किंवा दालचिनीची पूड भुरभुरवलेली संत्र्याची फोड अन्येहोबरोबर बहारदार लागते. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त प्रकार घेऊ नका, नाक थकतं आणि डोकंही. रिकामे ग्लास लगेच धुऊ नका. सकाळी कोरड्या ग्लासात नाक घाला: रात्री अल्कोहोलनं झाकलेलं अगावे किंवा घातलेला व्हॅनिला, जे काही असेल ते आता उघडं पडलेलं असतं.

इथं विकत घेताना

टकिलासारख्या परदेशी मद्यावर आपल्याकडे उपकर धरून आयात शुल्कच १५० टक्के आहे, त्यावर राज्याचे कर. त्यामुळे मेक्सिकोत मधल्या किमतीची असलेली बाटली इथं चैनीची वस्तू होते. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, अमेरिकेत किंवा दुबईत नातेवाईक असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथली निवड इथल्यापेक्षा खूप मोठी असते आणि फोर्तालेसा, ओचो, एल तेसोरो अशी नावं तिकडं सापडण्याची शक्यता जास्त. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, हेही सांगून ठेवतो.

पहिल्यांदाच पैसे घालणार असाल तर एक्स्ट्रा अन्येहोकडे धाव घेऊ नका. त्या किमतीत चांगली रेपोसादो आणि चांगली अन्येहो दोन्ही येतात आणि शिकायला मिळतं दुप्पट.

दख्खनच्या पठारावरही घायपात भरपूर आहे, रानात आणि शेताच्या बांधांवर आपण ते लहानपणापासून पाहतो. त्याच्या अगावे अमेरिकाना या जातीपासून डेस्मंड नाझरेथ यांनी मद्य बनवलं, आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात गाळून गोव्यात बाटलीत भरलं. डेस्मंडजी या नावानं ते विकलं जातं. त्यानंतर माया पिस्तोलानं भारतीय अगावेचे पिंपात मुरवलेले प्रकारही बाजारात आणले. यांना टकिला म्हणता येत नाही, जसं गोव्याबाहेर गाळलेल्या काजूच्या दारूला २००९ पासून फेणी म्हणता येत नाही. जात वेगळी, माती वेगळी, त्यामुळे चवही वेगळी आहे: जास्त रानटी, जास्त हिरवी. वरच्या तीन ग्लासांशेजारी चौथा म्हणून ती नक्की ठेवून पाहा. त्या तुलनेत निळ्या अगावेचा गोडवा आणखी स्पष्ट होतो.

घरी आणलेली बाटली उभी आणि अंधारात ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बूच खातं. बाटलीत टकिला पुढं मुरत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं कपाटात जपण्यात काही अर्थ नाही. एकदा उघडली की हवेशी संपर्क सुरू होतो. पहिले काही आठवडे काही टकिला त्यानं खुलतातसुद्धा, पण अर्ध्याहून रिकामी झालेली बाटली पुढच्या महिन्यांत फिकी पडत जाते. तेव्हा उरलेली लहान बाटलीत गच्च भरून ठेवा किंवा मित्रांना बोलावून संपवा, आणि ओतताना ब्लांकोपासून सुरुवात करा.